खेरडे सरांची निरगुडी

परवा माझा गुडघा सुजला. सुनेने निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला, फडक्यात बांधून रात्री गुडघ्यावर ठेवला आणि सकाळी चहा देताना विचारलं, "बाबा, उतरली का सूज?" उतरली नव्हती. पण इतक्या मायेने कुणी पाला बांधल्यावर तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. "थोडी उतरली," असं मी म्हणालो आणि लगेच गप्प झालो. तिला वाटलं, दुखतंय म्हणून गप्प झालो. मला खेरडे सर आठवले होते.

खेरडे सर अमरावतीला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे शेंदूरजनाघाटचे. घरी संत्र्याचे बगीचे. मोठे भाऊ ते सांभाळत आणि धाकटा भाऊ शिकून 'शिशा-बाटल्यात' आयुष्य घालवतो म्हणून हळहळत. सर उंच आणि किंचित वाकलेले होते. त्यांच्या कोटाच्या बाह्यांना आम्लाने पडलेली भोकं असत, उजव्या हाताची बोटं कायमची पिवळी झालेली होती. रस्त्याने चालताना हात सहज कुंपणाकडे जायचा. एखादं पान खुडायचं, चुरगळायचं, नाकाशी न्यायचं आणि मग तसंच खिशात टाकायचं. त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले असते तर अमरावतीतल्या सगळ्या कुंपणांचा पत्ता लागला असता.

त्यांचा एक शब्द होता, 'कशावरून?' विद्यार्थ्याने म्हटलं, सर, हे द्रावण आम्ल आहे. सर म्हणत, "कशावरून?" भाजीवाली म्हणाली, वांगी आजचीच आहेत, तर तिलाही तेच. एकदा स्नेहसंमेलनात प्राचार्य रंगात येऊन म्हणाले की आपल्या कॉलेजासारखं कॉलेज सबंध वऱ्हाडात नाही. पहिल्या रांगेतून सरांच्या तोंडून सवयीने 'कशावरून?' निघून गेलं. सगळा मांडव हसला. प्राचार्य पुढे कित्येक दिवस सरांशी कामापुरतंच बोलत होते. सरांना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी खरंच विचारलं होतं.

मी तिवशाकडचा. वडील दुसऱ्याच्या वावरात रोजाने जात. छप्पन्न साली आमचं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं आणि पुढल्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो. प्रयोगशाळेत माझ्या हाताला तराजू बरा लागतो हे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या कामाचं वजन करायला मला बोलावू लागले. बी.एस्सी. झाल्यावर डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी माझा अर्ज त्यांनी स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि 'हा नको असेल तर का नको ते मला लिहून द्या' असं सांगितलं. लिहून कुणी दिलं नाही. जागा मिळाली.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो काही काचसामान पोचवायला. दाराबाहेर उभा राहून हाक मारली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून आल्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "भाईर काहून उभा रायला? पाय धू अन आत ये." आत चुलीपाशीच पाट मांडला. त्या भाकर थापायच्या तेव्हा हाताचा आवाज असा एका लयीत यायचा की न पाहता कळावं, आता भाकर फिरली, आता पाणी लागलं. जेवण झाल्यावर मी सवयीने ताट घासायला उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "माह्या घरचे भांडे पाव्हणे घासत नाईत," म्हणाल्या. एवढंच. त्यावर त्यांच्या किंवा आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी तिथे किती वेळा जेवलो ते सांगता येणार नाही.

सरांनी निरगुडी हाती घेतली ती आधी काकूंसाठी नव्हे. लहानपणी गावाकडे बैलाच्या खांद्याला सूज आली की निरगुडीचा पाला शेकून बांधत, ते त्यांनी पाहिलं होतं. पाल्यात असं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मग पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटात उकळून त्याचा अर्क काढायचा, स्पिरिट उडवून द्यायचं. खाली काळपट हिरवा, काकवीसारखा दाट गाळ राहायचा. प्रयोगशाळेत जागा कमी पडली की हे काम घरच्या पडवीत चाले.

त्या वासामुळे एकदा आबकारीचा जमादार दारात आला. प्रोफेसरसाहेब दारू गाळतात अशी खबर होती. सरांनी त्याला आनंदाने सगळं दाखवलं, कारण ऐकून घ्यायला माणूस मिळाला होता. शेवटी काडीवर थेंबभर अर्क घेऊन त्याच्या जिभेवर ठेवला. जमादार अंगणात जाऊन बराच वेळ थुंकत राहिला. काही दिवसांनी तोच जमादार बाटली घेऊन परत आला. आईचा गुडघा सुजला होता, थोडा अर्क द्या म्हणाला. सरांनी लेपापुरता दिला. पुढल्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला.

"साहेब, मायचा गुडघा उतरला."

"कशावरून?"

"माय म्हनते न."

सरांनी पेढा हातात धरून त्याला उभ्या उभ्या पाठ दिला. म्हातारीचं म्हणणं म्हणजे माप नव्हे. तिला वाटतं, पोरगा एवढा साहेबाकडे जाऊन आला. गुडघ्याला दोरी गुंडाळ, गाठ मार, आठवड्याने तीच दोरी पुन्हा गुंडाळ. मग मला सांग. जमादार मान हलवत गेला. दोरी घेऊन तो कधी आला नाही.

खरं माप उंदरांचं. पांढरे उंदीर नागपूरहून आणावे लागत. सर आणि मी पिंजरा घेऊन पॅसेंजरने यायचो. डब्यात वास सुटला की लोक नाकाला पदर-उपरणी लावत आणि सर त्यांना समजावत बसत. उंदराच्या मागच्या पायात अंड्याचा पांढरा बलक सुईने टोचला की तासाभरात पाय फुगतो. सर माळकरी घरातले. अंडी ते इतवारा बाजारातून स्वतः आणायचे आणि घरी कळू नये म्हणून छत्रीत घालून थेट प्रयोगशाळेत न्यायचे. एका काचेच्या नळीत पारा भरलेला. त्यात उंदराचा पाय घोट्यापर्यंत बुडवायचा. पाय जितका फुगलेला, पारा तितका वर. आधी अर्क पाजलेल्या उंदराचा पाय कमी फुगे. दर वेळी नाही, सारखाही नाही, पण पुन्हापुन्हा कमी. मुलं सरांना 'पंजे सर' म्हणू लागली होती. सहकारी तर 'काय म्हणतात आज तुमचे पेशंट?' असं विचारत. सर गंभीरपणे उत्तर देत.

काकूंची बोटं पहिल्यांदा दुखायला लागली ती थंडीच्या दिवसांत. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. मग मनगटं सुजली. अमरावतीच्या डॉक्टरांनी नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी संधिवात सांगितला, साधा नव्हे, सांधे खाणारा. दवाखान्यात दाखल करा, म्हणाले. हातांना फळ्या बांधाव्या लागतील, औषधं चालू करावी लागतील, राहावं लागेल. काकू राहायला तयार नव्हत्या. सर म्हणाले, थोडे दिवस अर्क देऊन पाहतो, गुण नाही दिसला तर घेऊन येतो. डॉक्टर म्हणाले, फार दिवस लावू नका.

सरांनी बायकोलाही मापाशिवाय औषध दिलं नसतं. आधी त्यांनी उंदराचीच रीत योजली. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पितळी गंजात हात बुडवायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. काकूंनी एकदा बुडवला. तेव्हा शेजारणी दारातून पाहत होत्या. मग त्यांनी साफ सांगितलं, "मी का तुमचा उंदीर हाये?" दोरीही नको म्हणाल्या. दोरी मेलेल्या माणसाला बांधतात. सर आठवडाभर विचारात होते. मग त्यांना बांगड्या सुचल्या.

काकूंच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सूज आहे तोवर त्या काढून ठेवा म्हटलं होतं. नवरा जिवंत असताना रिकामे हात करा, असं सांगणाऱ्या डॉक्टरचं तोंड काकूंना पुन्हा पाहायचं नव्हतं. त्या बांगड्या आता मनगटाच्या सुजेत रुतून बसल्या होत्या, हलत नव्हत्या. सरांचा हिशेब सोपा होता. सूज उतरेल तशी बांगडी सैल होईल, हात वर केला की कोपराकडे सरकेल. यात बोलण्यावर भिस्त नाही, बांगडी खुशामत करत नाही. रोज सकाळी कॉलेजात निघताना सर विचारू लागले, "फिरते का?" काकू हात वर करत.

पहिले काही महिने बांगडी जागची हलली नाही. त्या दिवसांतले सर मी पाहिलेत. वर्गात वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत. डबा तसाच घरी परत जाई. अर्काचं प्रमाण वाढवलं, कमी केलं, पाला फुलोऱ्याआधीचा घेतला, मग फुलोऱ्यानंतरचा. एके दिवशी प्रयोगशाळेत आले आणि कोट न काढता माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "फिरली." नंतर स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, स्वतः दोन कप घेतले.

त्यानंतर बांगडी सैल होतच गेली. काकूंच्या हातावर सदा लेप असे आणि त्यावर बोटांपासून मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं. त्यावर बांगड्या खुळखुळत. भाकरी शेजारची एक बाई थापून देऊ लागली होती, लेपही तीच बदलून देई. काकू सांगत, हाताला लेप हाये म्हणून. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहिला. त्यात उंदरांच्या आकड्यांनंतर 'एका रुग्णाच्या मनगटाची सूज' असा एक परिच्छेद होता. प्रबंधातही त्यावर शेवटचं प्रकरण घातलं. लेख वाचून अचलपूरकडून, दर्यापूरकडून माणसं येऊ लागली. नागपूरला दाखल करण्याचा विषय मागे पडला. गरज काय होती? हात तर उतरत होता.

मग नागपूरला शास्त्राच्या प्राध्यापकांची एक सभा ठरली. सरांनी तिथे निबंध वाचायचा होता. काकूंनाही न्यायचं ठरलं. हाडांच्या त्या डॉक्टरांना हात दाखवायचा, असं सरांच्या मनात होतं. त्यांच्या स्वभावात बढाई नव्हती, पण तेवढी एक हौस त्यांना झाली होती. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी लग्नापासून कधी केली नव्हती. बायकोसाठी स्वतः बांगड्या आणल्या. घरी मन्यारीण येई आणि काकूच घेत. सर दुकानात गेले, तिथल्या बायका हसल्या, त्यांनी काकूंचं जुनं माप सांगितलं, सव्वादोन. ते माप त्यांना ठाऊक होतं, कारण काकू मन्यारणीशी सव्वादोनच्याच बांगड्यांसाठी हुज्जत घालताना त्यांनी कितीदा ऐकलं होतं.

मी त्या दिवशी तक्ते गुंडाळायला त्यांच्या घरी होतो. दुपार होती. सरांनी कागदाची पुडी सोडली.

"भर न," म्हणाले.

काकू म्हणाल्या, राहू द्या, मग भरीन. हाताला लेप हाये.

सरांनी तांब्यात पाणी घेतलं. काकू नको नको म्हणत असताना फडकं सोडलं आणि लेप धुऊ लागले. हिरवं काळं पाणी परातीत उतरत गेलं आणि खालून हात निघाला. मी पाहिला. बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, जशी सगळी एकदम वाऱ्याने झुकावीत. मुळाच्या पेरांवर टेंगळं होती, त्यांच्यावरची कातडी ताणून चकाकत होती. सरांनी नवी बांगडी उचलली आणि घालायला गेले. ती त्या टेंगळांवर अडली. त्यांनी जोर केला नाही. काकूंच्या मनगटातली एक बांगडी बोटांच्या टोकाशी सरकवून नवी तिच्यावर धरली, एकावर एक. नवी बांगडी जुनीच्या आत बसली. आतली बाहेरचीला कुठेच टेकत नव्हती.

सर कितीतरी वेळ ती तशीच धरून होते. हातातल्या बांगड्यांचा रंग पहिल्यापासून तोच होता. हिरवाच, तीच नक्षी. फक्त माप मोठं होतं. आधी एक माप मोठी, काही महिन्यांनी त्याहून मोठी. सर कॉलेजात असताना मन्यारीण येऊन जुन्या फोडून नव्या भरून जाई.

"हे काहून केलं?" सरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

काकू आधी माझ्याकडे पाहून म्हणाल्या की याले चहा करून देला असता, पण मले आता कप धरता येत नाई. मग सरांकडे वळल्या.

"सूज नाई उतरली म्हटलं का तुमचं तोंड उतरे. जेवत नसा. कोनाशी बोलत नसा. मंग म्या म्हटलं, सूजच उतरू द्या."

सर उठले. त्यांनी परातीतलं पाणी अंगणात नेऊन ओतलं, हात कोरड्या फडक्याने पुसला, एकेक बोट वेगळं धरून. मग कोट घालून ते कॉलेजात गेले. मी मागोमाग गेलो, पण आत जाववलं नाही. ते पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसले होते. उंदरांना दाणा घालण्याची वेळ झाली होती. मी शेवटी आत जाऊन दाणा घातला. तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उंदराला भीड नसते, बुवा. म्हणून त्याचं खरं निघालं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी रोज बांगडी पाहत होतो. हात पाहिलाच नाही."

नागपूरला ते गेले. आधी काकूंना घेऊन डॉक्टरांकडे. फोटो काढला. मनगटाची हाडं एकमेकांत विरघळल्यासारखी जुळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर हात सरळ ठेवता आले असते, निदान काम करण्याइतके. आता दुखणं कमी करता येईल. सर नंतर हे वाक्य कुणीही विचारलं की जसंच्या तसं सांगत, एकही शब्द न गाळता, जणू त्याचीही नोंद चुकायला नको.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी निबंध वाचला. मी मागे तक्ते धरून उभा होतो. उंदरांचे आकडे झाले. मग सरांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले की आमच्या वार्षिक अंकात एका रुग्णाची सूज उतरल्याचं मी छापलं आहे, ते चूक आहे. सूज उतरली नव्हती. मी माप चुकीचं घेतलं. कुणीतरी विचारलं, माप कसलं घेतलं होतं? सर म्हणाले, "बांगडीचं." सभेत हशा पिकला. सरांनी तो संपेपर्यंत थांबून घेतलं, मग तक्ते गुंडाळायची मला खूण केली.

त्यांच्या मार्गदर्शकांनी खूप समजावलं. शेवटचं प्रकरण काढून टाका, उंदरांचं काम पक्कं आहे, त्यावर पदवी मिळेल. सरांनाही उंदरांचं काम पक्कं वाटत होतं. मला त्यांनी त्यातला फरक नीट समजावला होता. उंदराच्या पायाची सूज आपण आणलेली, एका दिवसाची. काकूंची आतून रोज नवी होणारी. एकीवर चाललं ते दुसरीवर चालेल हे गृहीत धरलं, तिथेच पाय घसरला. हे सगळं त्यांना कळत होतं. तरी प्रबंध त्यांनी दिला नाही. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "पदवी घेऊन घरी गेलो तर ती म्हणेल, लय चांगलं झालं. ते ऐकायला नको वाटते मले." वर्गाबाहेरही माझ्याशी प्रमाण मराठीत बोलणारे सर तेव्हा असे घरचं बोलले होते.

उरलेले उंदीर आम्ही नागपूरला परत नेऊन दिले. प्रयोगशाळेमागे लावलेलं निरगुडीचं कुंपण मात्र वाढतच राहिलं, कुणी ते तोडलं नाही.

पुढे सर बदलून अकोल्याला गेले. जुन्या शहरात काकूंचा भाऊ राहत होता, त्याच्या शेजारी घर घेतलं. परीक्षक म्हणून अकोल्याला गेलो की मी मोर्णा नदी ओलांडून त्यांच्याकडे जायचो. काकू खाटेवर बसून असत. सर चुलीपुढे. सरांची भाकर कधी गोल झाली नाही. कडा फाटायच्या. खाटेवरून सूचना येत, "पानी घ्या थोडं. आता फिरवा. अवो, करपली ते." काकूंच्या हातांचा कारभार आता त्यांच्या तोंडाने चाले. सर ऐकत. वेणी घालायलाही ते शिकले होते. ती मात्र त्यांना बऱ्यापैकी यायची, तीन पेडांचं काम त्यांना पटलं असावं. निरगुडीसाठी अधूनमधून कुणी यायचंच. सर त्यांना बसवून सांगत की पाल्यात काहीतरी आहे एवढं खरं आहे, पण ते तुमच्या गुडघ्यापर्यंत पोचतं का ते मला माहीत नाही, आणि तोवर डॉक्टरकडे जाणं थांबवू नका. लोक नाराज होऊन जात. त्यांना औषध हवं असे, एवढं लांबलचक माहीत-नाही नको असे.

एकदा मी त्यांना म्हटलं की काकूंनी तुमच्यासाठीच केलं ते. सर म्हणाले, "तेच तर वाईट आहे." मग तो विषय आम्ही कधी काढला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नात, तिवशाला. मला ते येतील असं वाटलं नव्हतं. काकूंना प्रवास झेपत नसे. पण दुपारी मोटारीतून दोघं उतरले. सर काकूंना काखेत धरून मांडवापर्यंत घेऊन आले. माझ्या आईने काकूंना पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. काकू म्हणाल्या, रडू नोको बाई, भूक लागली मले.

जेवणाच्या पंगती बसल्या. पुरुषांच्या एका बाजूला, बायकांच्या पलीकडे, मध्ये कनात. मी नवरदेव म्हणून पाहुण्यांकडे फिरत होतो. बायकांच्या पंगतीत एकदम कुजबुज सुरू झाली म्हणून कनात सारून तिकडे पाहिलं. सर काकूंच्या शेजारी मांडी घालून बसले होते. समोर एकच पत्रावळ. आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडापर्यंत ओढले होते. आमच्यातले एक म्हातारे मामा धावत गेले आणि हात जोडून म्हणाले, "सर, मानसायची पंगत तिकडं हाये."

"माहीत आहे," सर म्हणाले. "मला इथंच बसावं लागेल."

मामा गोंधळून उभे राहिले. मग त्यांनी काकूंचे मांडीवर पडलेले हात पाहिले आणि ते मागे सरले. वाढपी वरण वाढून गेला. सरांनी भात कालवला, घास केला, काकूंच्या तोंडात दिला. काकूंनी खाल्ला.

"मीठ बरोबर आहे?" सरांनी विचारलं.

काकूंनी एकदा माझ्या आईकडे पाहिलं. ती कनातीपाशी उभी होती, काकूंच्या तोंडाकडे डोळे लावून. काकू म्हणाल्या, "बरोबर हाये. लय चांगलं झालं वरन."

सरांचा हात दुसऱ्या घासावर होता. तो थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग तोच घास उचलून, भर पंगतीत, बायकोच्या पत्रावळीतून स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावला. पलीकडची एक बाई तोंडावर हात घेऊन हसली.

"अळणी आहे," सर म्हणाले आणि वाढप्याला हाक मारली.

"म्हटलं न बरोबर हाये म्हनून," काकू पुटपुटल्या. लाजेने त्यांनी मान खाली घातली होती. वाढपी मिठाची ताटली घेऊन आला, तोवर काकूंनी मान वर करून पुढच्या घासासाठी तोंड उघडलं होतं. सरांनी घास दिला नाही. चिमूटभर मीठ घेतलं, वरणभातावर टाकलं आणि आपल्या पिवळ्या बोटांनी ते नीट सगळीकडे लागेपर्यंत कालवत राहिले. काकू तोंड उघडं ठेवून वाट पाहत होत्या.